कानबाईच्या मांडवाचा बांबू

मी मंजुळाबाईंच्या मोरीमागचा बांबू बोलतोय. सावद्यातल्या आमच्या गल्लीत माझं नाव कुणी सरळ घेत नाही. कुणी 'पीडा' म्हणतं, कुणी 'अक्काचं भूत'. तेव्हा माझी बाजू मलाच मांडायला हवी.

मी इथला नाही. मंजुळाबाईंचा भाऊ रुपचंद फौजेत होता. चौऱ्याऐंशी साली तो आसामातून सुटीवर आला, तेव्हा ओल्या गोणपाटात गुंडाळलेला माझा हातभर कंद त्याच्या ट्रंकेत होता. "अक्का, केळीच्या घडाले टेकू द्यायले घरचे बांबू होतीन," तो म्हणाला. आंघोळीचं, भांड्यांचं पाणी जिथं जातं, तिथं मला लावलं. सातपुड्यातला बांबू एका जागी बेट धरून राहतो, म्हणून मलाही सगळ्यांनी तसाच समजलं. माझी जात मात्र जमिनीखालून धावणारी.

मधल्या भिंतीपलीकडे मंजुळाबाईंची धाकटी जाऊ, कमलबाई. घरं दोन, कूळ एक, आणि श्रावणात आमच्या खानदेशची कानबाई देवी मांडवात बसते तेव्हा तिच्या नैवेद्याचे रोटही एकत्र. दोन्ही घरच्या माणसांच्या नावानं मुठी मोजून गहू घ्यायचे, एकत्र दळायचे आणि ते रोट आपल्याच कुळानं खायचे. मंजुळाबाईंचा सगळा जीव त्या दिवसात.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात कमलबाईंना मुलगी झाली आणि मागोमाग असा ताप भरला की जळगावच्या दवाखान्यात त्यांची शुद्ध हरपली. त्या संध्याकाळी मंजुळाबाई माझ्यासमोर पदर पसरून उभ्या राहिल्या. "कानबाई माय, माही कमल उठून बसली तर पाच श्रावण तुह्या मांडवाले ह्याच बांबूचे खांब देईन." नवस फिटेपर्यंत बोलून दाखवायचा नाही, ही त्यांची रीत. ऐकलं ते मी एकट्यानं.

कमलबाई उठल्या. चांगल्या ठणठणीत झाल्या. आणि मी भिंतीखालून त्यांच्या घरात शिरलो.

पावसाळ्यात माझ्या कोंबानं त्यांच्या चुलीजवळची फरशी उचलली. पुढच्या वर्षी हौदाला तडा गेला. कमलबाईंनी मला विळ्यानं कापलं, माझ्यावर उकळतं पाणी ओतलं, ट्रॅक्टरचं जळकं ऑइलही ओतलं. एक कापला की दुसरीकडून दोन यायचे. मला भिंत कळत नाही. ओल कळते.

"अक्का, तुह्या बांबूले दुसरं घर नाही का व? मह्याच चुलीपाशी कायले नांदाले येतो?"

"थोडी कळ काढ कमल. अजून दोन श्रावण."

"श्रावण मोजू राह्यली! तोवर चूल कुठं मांडू, तुह्या डोक्यावर?"

फरशी मात्र दरवेळी मंजुळाबाईच येऊन बसवून द्यायच्या.

एक्क्याण्णवच्या आषाढात त्या माहेरी गेल्या होत्या. ती वेळ साधून कमलबाईंचे यजमान चुडामणभाऊ कुऱ्हाड घेऊन अलीकडे आले. मोरीमागचा एकही बांबू त्यांनी उभा ठेवला नाही. बुंध्यांवर मीठ टाकलं. मंजुळाबाई परतल्या तेव्हा भिंतीवरून कमलबाईंचा आवाज आला, "आणि ऐक अक्का, औंदा रोटाचे गहू मह्या घरचे वेगळे."

मंजुळाबाईंनी बुंध्यांवरचं मीठ पदरानं झटकलं. नवसाचं पाचवं साल, हाती एक खांब नाही, आणि कूळही फुटलेलं.

मी मात्र संपलो नव्हतो. कमलबाईंच्या हौदामागे माझे चार उंच बांबू उभे होते. मला शिव्या घालणाऱ्या बाईनं त्यांना धुण्याची दोरी बांधली होती आणि वर गिलक्याचा वेल चढवला होता.

कानबाईच्या आदल्या दिवशी मंजुळाबाई त्या परसात गेल्या.

"कमल, ते चार बांबू दे."

"कायले? बाजारात मिळत नाही?"

"ह्याच मुळाचे पाह्यजे. पाचवं साल आहे."

"कशाचं पाचवं?"

मंजुळाबाईंची नजर उंबऱ्यात शेंगा सोलत बसलेल्या कमलबाईंच्या मुलीकडे गेली. तापाच्या त्याच उन्हाळ्यात जन्मलेली पोर. कमलबाईंनी मुलीकडे पाहिलं, मग जावेकडे. बोटांवर पाच श्रावण मोजले. मग ओले कपडे खांद्यावर टाकले आणि दोरीची गाठ सोडली.

"ने," त्या म्हणाल्या. "पण मह्या फरशीखाली ह्याचा एक डोळा राह्यला तर याद राख."

संध्याकाळी त्या सुपात गहू घेऊन आल्या आणि मंजुळाबाईंच्या गव्हात ओतले. हातानं असे कालवले की कुणाचे कुठले ते निवडता येऊ नये.

मांडव उभा राहिला. कानबाई बसली आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीला गेली. नवस फिटला, आणि त्याच आठवड्यात दोघी जावांनी पदर खोचून मला खणून काढलं. कमलबाई शेवटपर्यंत मला शिव्या देत होत्या. मंजुळाबाईंनी कुदळ उचलायच्या आधी मला हळद-कुंकू वाहिलं.

आता मी पत्र्यावर उन्हात वाळतोय. पण हौदाखाली बोटभर उरलोय, ते दोघींनाही ठाऊक नाही. बायांनो, तेवढा तडा बुजवा, तिथं पाणी झिरपू देऊ नका. ओल लागली की मी धावणारच. आणि गहू यंदा कसेबसे एकत्र आलेत.