पाय पुढे

घाटकोपरच्या त्या टेकडीवर अँब्युलन्स यायची ती खालच्या रेशन दुकानापर्यंत. तिथून वर माणसाने आपले पाय वापरावेत, आणि पाय मोडले असतील तर नशीब. वाट कसली, मुरमाची घसरण नुसती! एका अंगाला झोपड्या, दुसऱ्या अंगाला बंद पडलेल्या दगडखाणीचा कडा. म्हणून काशीरामने गाडी केली. संपात गिरणी गेली तसा तो एका वर्कशॉपात वेल्डिंगला लागला होता. तिथल्या भंगारातल्या पाइपांची चौकट, तिच्यावर ताणून शिवलेली ताडपत्री, मधोमध खाली स्कूटरचं एकच चाक, पुढेमागे धरायला दांडे आणि मागच्या दांड्याला सायकलचा ब्रेक. एक माणूस पुढे, एक मागे. वर झोपलेल्याला हिसका कमी. झकास काम! मंडळाने नारळ फोडला, गाडीला हार घातला, आणि सगळ्या टेकडीने काशीरामला डोक्यावर घेतलं.

पण पहिलाच पेशंट दगावला. गुणाजीचा म्हातारा, छातीत कळ आलेली. दवाखान्यातल्या शुभा डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं तसंच काशीरामने त्याला नेलं: उतारावर पाय पुढे, डोकं चढाच्या बाजूला, म्हणजे रक्त डोक्याकडे उतरत नाही. म्हातारा खाली रिक्षात ठेवता ठेवताच गेला. झालं! टेकडीवरची सगळी माणसं कोकणातली, आणि त्यांच्या गावांत पाय पुढे करून न्यायचं ते फक्त मढ्याला. "जित्या माणसाला तसा नेलास, मग दुसरं काय होणार?" गुणाजी चारचौघांत म्हणाला. कोणी त्याला गप्प केलं नाही.

तेव्हापासून टेकडीने ठरवून टाकलं की माणूस जिवंत असेल तर डोकं पुढे. काशीराम आधी भांडला, मग चिडला, मग त्यानेही मान डोलवली. कारण त्यानंतर नेलेले सगळे हातपाय मोडलेले होते. डोकं खाली करून लटपटत गेले, प्लास्टर घालून परत आले. लोक म्हणायचे, बघ! काय बोलणार कपाळ?

नवरात्राच्या आदल्या आठवड्यात काशीरामची बायको सुगंधा भर दुपारी खाणीच्या कडेला गोधड्या वाळत घालायला गेली. घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं धुवायची रीत. ओली गोधडी हातातून निसटली, ती धरायला सुगंधा वाकली आणि पायाखालचा मुरूम सरकला. आरडाओरडा ऐकून काशीराम धावला तेव्हा ती खाली दगडांच्या टप्प्यावर पडली होती. कानामागून रक्त येत होतं. हाक मारली तर पापणी हलली, बाकी काही नाही.

चौघांनी दोर लावून तिला वर घेतली. काशीरामने गाडी आणली, ताडपत्रीवर तिला झोपवलं, पट्टे आवळले. आणि डोकं चढाकडे ठेवून त्याने गाडी फिरवली मात्र, जो तो जिथल्या तिथे थबकला.

त्याची आई, जानकी, वाटेत आडवी उभी राहिली. कमरेत वाकलेली बाई, पण त्या दिवशी ताठ.

"जित्या मनशाचे पाय फुडे करून नेतत काय रे मेल्या? माज्या सुनेक मारूक बघतंस?"

"आये, डोक्याला मार आहे. डोकं खाली गेलं तर खलास होईल ती."

"आणि पाय फुडे गेले तर जिती रवतली? गुणाजीच्या बापाशीक इचार!"

खरं सांगायचं तर क्षणभर काशीरामलाही वाटलं, म्हातारी म्हणते ते खरं निघालं तर? आपल्याच हाताने आपण हिला पोचवतोय का? पण सुगंधाच्या कानामागचं रक्त ताडपत्रीवरून थेंब थेंब गळत होतं. त्याला संताप आला. आईचा, गुणाजीचा, सगळ्या टेकडीचा आणि इतके दिवस मान डोलावणाऱ्या स्वतःचाही.

"पुढचा दांडा कोण धरतो?" तो ओरडला.

कोणी हललं नाही. ज्यांनी आत्ता दोर ओढला तीच माणसं पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभी राहिली. शेवटी शेजारचा नंदू, गिरणीत त्याच्याच खात्यात असलेला, पुढे आला. "यार काश्या, वाट लागणार आपली," एवढं म्हणाला आणि दांडा धरला. काशीरामने आईला खांद्याने बाजूला सारलं. आयुष्यात पहिल्यांदा.

गाडी उतरू लागली. एरवी पेशंट निघाला की अर्धी टेकडी मागून यायची, कोणी पाणी घेऊन, कोणी छत्री धरून. आज मागे कोणी नव्हतं. वाटेवरच्या घरांची दारं एकेक करून लागत होती. एका बाईने अंगणातलं पोर उचलून आत नेलं आणि जाता जाता पदराने त्याचे डोळे झाकले. दूर माहुलच्या रिफायनरीची ज्योत जळत होती, देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराकडून धुराचा वास येत होता, आणि चाकाखाली मुरूम करकरत होता.

अर्ध्या वाटेत एक सपाट कातळ आहे. टेकडीवरून मयत खाली नेताना खांदेकरी तिथे विसावा घेतात. काशीरामला तिथे थांबायचंच नव्हतं, पण नंदूच्या हाताला पेटके आले आणि गाडी टेकवावी लागली, नेमकी तिथेच. काशीराम वाकून पाहू लागला. सुगंधाचे डोळे अर्धे उघडे, ओठ पांढरे. छाती हलते की नाही कळेना. गेली, असं त्याच्या मनाने स्वच्छ म्हटलं. नंदूने तर हात जोडले.

मग ती कण्हली. "अगं, आलो गं, आलोच खाली!" काशीराम रडतच म्हणाला, आणि दोघांनी गाडी जवळजवळ पळवली.

सुगंधा वाचली. टाके पडले, दोन दिवस तिला माणूस ओळखता येईना, मग हळूहळू ती नावं घेऊ लागली. डॉक्टर म्हणाले, नशीब, डोकं वर ठेवून आणलंत. काशीराम हॉस्पिटलच्या व्हरांड्यातच राहिला. वर निरोप धाडला, शुद्धीवर आली, भाकरी मागते. पण टेकडीवरचं एक माणूस भेटायला आलं नाही. आई नाही, जावा नाहीत. नंदूही आला नाही. "आयेंनी साधी पेज पण नाय हो धाडली," सुगंधा म्हणायची. रागावलेत सगळे, काशीरामला वाटलं. घरी गेल्यावर निवळतील.

डिस्चार्ज मिळाला त्या सकाळी रेशन दुकानापासून ती त्याच्या खांद्याला धरून, बसत उठत स्वतःच्या पायांनी वर चढली. डोक्याला पट्टी, चेहरा उतरलेला, पण आनंदात. वाटेत नंदू भेटला. सुगंधाने "भावोजी" म्हणून हाक मारली. नंदूने काशीरामकडे पाहिलं, तिच्याकडे नाही, आणि तो घळीत उतरून दुसऱ्याच बाजूने गेला. नळावरच्या बायका तिच्या पायांकडे बघत राहिल्या. सुगंधाने पदर सारखा केला.

घराचं दार उघडं होतं. कोपऱ्यात, ती रोज झोपायची तिथे, जमीन सारवलेली होती. वर पीठ पसरलेलं, पिठावर पणती, ज्योत दक्षिणेकडे. माणूस गेल्यावर दहा दिवस ठेवतात तशी. जानकी भिंतीला टेकून बसली होती.

सुगंधाचा हात तोंडाशी गेला. "अगो बाई! आये, कोण गेलं?"

जानकी तिच्याशी बोललीच नाही. मुलाला म्हणाली, "तिका सांग, धा दिस होयसर चुलीक हात लावू नको. माझी सून त्याच दिवशी गेली. मी माज्या डोळ्यांनी बघलंय तिका जाताना. ही तिचा अंग घेवन कोण इली, देवाक म्हायत."

"आये, शुद्ध आहे का तुला?" काशीराम कडाडला. पण दाराशी शेजारपाजार जमा झाला होता आणि त्यातल्या एकाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं.

सुगंधा नवऱ्याकडे वळली. "विजवा हो तो दिवा. माझाच ना तो? विजवा आधी!"

काशीराम वाकला. ज्योतीवर हात धरला, आणि हात तिथेच थांबला. ताडपत्रीवरचे ते अर्धे उघडे डोळे त्याच्यासमोर आले. विझवला आणि ही इथेच कोसळली तर? सुगंधा त्याचा हात बघत होती.

मग ती स्वतःच गुडघ्यांवर बसली आणि तिने फुंकर मारली.

दारातल्या बायकांनी एकदम गळा काढला, मयतावर काढतात तसा. सुगंधाने मान वर केली आणि उठायला आधार हवा म्हणून हात पुढे केला. काशीराम दोन पावलं मागे सरला होता.