झरोक्यातली काच

तेरखेड्यात फटाक्याच्या शेडात जायचं तर नेम पाळावे लागतात. काडेपेटी, मोबाइल, लोखंडाची वस्तू, सगळं बाहेर लिंबाच्या झाडाखाली ठेवायचं. चप्पलसुद्धा तिथंच, तिच्यात खिळा असतो म्हणून. बायांनी पैंजण-जोडवी काढायची, काचेच्या बांगड्या मात्र चालतात. काचेला ठिणगी नसते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. अन् तेच तर नडलं!

डॉक्टर शिवप्रियाबाईंचा दवाखाना गावाबाहेर, हमरस्त्याला. गेल्या दिवाळीआधी जवळचं एक शेड उडालं, तेव्हा दवाखान्याच्या सगळ्या खिडक्या फुटून काचा आत आल्या, आणि मागोमाग भाजलेली माणसं आली. त्यातला विरेश बाईंचा हात धरूनच गेला. त्याच्या बायकोनं, जगदेवीनं, दारातच हंबरडा फोडला. बाईंच्या डोळ्यांत मात्र टिपूस नाही. त्या दिवशी नाही अन् नंतरही नाही. विरेशनं धरलेला उजवा हात जणू लाकडाचा झाला. नाडी बघायचा, टाके घालायचा, पण स्वतःचा वाटायचा नाही. दुसऱ्यांना झोपेच्या गोळ्या लिहून देणारी बाई स्वतः छताकडं बघत पडून राहायची. डॉक्टरनं सांगावं तरी कुणाला?

फुटक्या काचा मात्र फेकवल्या नाहीत. पोत्यात भरून ठेवल्या. मग कुठंसं बघून पुण्याहून लहानशी विजेची भट्टी मागवली आणि त्याच काचा वितळवायला घेतल्या. गावात कुजबूज सुरू झाली. "बारुदीच्या गावात भट्टी? बाईचं डोस्कं फिरलं जणू!" फिरेना का! भट्टी तापवायची आणि मग निवायला सोडायची. घाईनं दार उघडलं की काच तडकते, म्हणून गुमान वाट बघायची. वाट बघता बघता बाईंना झोप यायला लागली. मधे फुगीर, पाण्यासारखी नितळ अशी पहिली धड गोल काच हातात आली, तेव्हा त्या लहान पोरीसारख्या हसल्या. ती दवाखान्याच्या खिडकीत टांगली. तशीच दुसरी केली आणि जगदेवीला दिली. "तुझ्यासाठी केलीय," एवढंच म्हणाल्या. कुठल्या काचेची, ते सांगायची हिंमत झाली नाही.

नवरा गेला तरी पोट कुठं जातं? जगदेवी दुसऱ्या शेडात वाती वळायला बसायची. आज सकाळी कामावर जाता जाता ती दवाखान्यात डोकावली.

"बाई, तुमची काच घरी न्हाय ठिवली. काल सांजच्याला शेडाच्या झरोक्यात बांधलीया. तुमच्या हातची हाय. काय वाईट यायचं ते तिथंच अडंल."

बाईंना बरं वाटलं. इतकं बरं, की दिवसभर त्या गुणगुणत होत्या.

उन्हं कलली. आत चहा घेताना त्यांना जळका वास आला. आधी वाटलं, भट्टी. पण भट्टी तर बंद! तपासणीच्या खोलीत येऊन बघतात तो खिडकीत टांगलेल्या काचेतून ऊन गोळा होऊन टेबलावरच्या कापसावर पडलेलं, टिकलीएवढं, डोळ्यांत खुपणारं. कापसाला काळं भोक पडून धूर निघत होता.

बाईंनी काच खाली काढली, कापसावर चहा ओतला. जगदेवीच्या शेडाचा झरोकाही मावळतीलाच होता.

फोन करावा तर जगदेवीचा फोन लिंबाखाली. त्यांनी स्कूटी काढली आणि शेतातल्या वाटेनं पळवली. एखादा ढग येऊ दे रे देवा! पण आभाळ कसं, धुऊन वाळत घातल्यासारखं. लिंबाखाली पोचल्या, तेवढ्या घाईतही चप्पल काढली.

शेडात बाया खाली मान घालून वाती वळत होत्या. समोर, झरोक्याखालच्या फळीवर, वळलेल्या वातींची रास. वर काच लटकत होती, आणि फळीवर तो पांढरा ठिपका. लाकडावर करपल्याची रेघ उमटली होती. सूर्य खाली जाईल तसा ठिपका पुढं सरकत होता. वाती आता बोटभर अंतरावर.

ओरडावं तर बाया दचकून उठणार, रास उधळणार. काचेपर्यंत बाजूनं वळसा घालून जावं तर तेवढा वेळ नाही. बाई सावकाश पुढं झाल्या, फळीला लागून बसलेल्या जगदेवीच्या खांद्यावरून हात घातला आणि उजवा तळवा ठिपक्यावर ठेवला.

"जगदेवी," त्या अगदी हळू म्हणाल्या, "बाजूनं जा. काचेवर पदर टाक. बाकीच्यांनी हलू नका."

तळव्याला चरचरून चटका बसला. कातडी करपल्याचा वास आला. तोच गेल्या वर्षीचा वास. बाईंनी हात काढला नाही. जगदेवीनं पदर टाकला तेव्हा ठिपका विझला.

"बाई, हात!"

हात दुखत होता. खांद्यापर्यंत कळ चढत होती, आणि तो हात त्यांचा होता. बाई मटकन खाली बसल्या आणि वर्षभर अडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "विरेशला वाचवता आलं नाही गं मला," म्हणत त्या सगळ्या बायांदेखत ओक्साबोक्शी रडल्या.

जगदेवीनं काच सोडून घेतली. उलटसुलट करून बघितली.

"कशाची केलीया ही?"

"त्या दिवशी फुटलेल्या खिडक्यांची."

जगदेवीनं काचेवरून बोट फिरवलं. मग तिनं काच पदरात गुंडाळून गच्च गाठ मारली.

"मंग ही माझ्यापाशीच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पर पेटीत ठिवीन, अंधारात."