मेन ओढा, मामाजी

इचोड्याच्या रस्त्याला लागून बापूजींची मिरची-वांग्याच्या रोपांची नर्सरी. तिथली जाळीची शेड सून मीनलने हट्टाने उभी केली आणि दर वीस मिनिटांनी फवारा उडवायचं काम एका तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर सोपवलं. यंदाच्या उन्हाळ्यात दोनदा लाइट परत आली, पण हा बेटा उठलाच नाही. घरचे गिऱ्हाइकांत गुंतलेले, मीनल माहेरी. दोन्ही वेळा मिरचीचे ट्रे दुपारपर्यंत करपून गेले.

"तिसऱ्यांदा रोपं मेली का हे डबडं भंगारात," बापूजी म्हणाले. "अन् तू शेडमदी पाय नाई ठेवायचा."

शेड माझी, आणि मीच बाहेर? मीनलचं डोकं फिरलं. तिने दोन दिवस खपून मूळ शोधलं. कॉम्प्युटर सुरू होतो नखाएवढ्या मेमरी कार्डावरून. त्यावर सारखं काहीबाही लिहिणं चालू असतं, आणि लिहिता लिहिता करंट तुटला की कार्डाचं वाटोळं. आता करंट तोडत कोण होतं? खुद्द बापूजी. त्यांच्या जुन्या दुकानाला वायर जळून आग लागली, तेव्हापासून जेवायला उठले तरी मेन स्विच खाली ओढल्याशिवाय ते बाहेर पडत नसत. घरात सगळ्यांना हे ठाऊक, पण त्यांच्या तोंडाला लागणार कोण.

इचोड्यात मोबाइलचं दुकान चालवणारा दीर जीवन म्हणाला, "वैनी, भारीतलं कार्ड देतो ना. काऊन एवढा जीव जाळून राह्यल्या?"

"कार्ड नाई. डिस्क."

तिने माहेरचा, पडदा फुटलेला लॅपटॉप खोलला आणि आतली एसएसडी डिस्क काढली.

"बापानं घेऊन देल्ता ना वो," सासूबाई राहीबाई हळहळल्या.

"म्हणूनच कामाले लावून राह्यली, आत्याबाई."

कॉम्प्युटर डिस्कवरून सुरू होईल असं केलं, जास्त ताकदीचा अडॅप्टर दिला आणि सुरू व्हायचा भाग नुसता वाचण्यापुरता ठेवला. त्यावर लिहायची कोणालाच मुभा नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना शेडमध्ये उभं केलं आणि सासऱ्यांना सांगितलं, "मामाजी, मेन ओढा. आधी भाऊजीचं कार्ड."

चार वेळा मेन वर केल्यावर कॉम्प्युटर उठला आणि लगेच पहिला फवारा उडाला. पाचव्यांदा उडाला नाही. जीवन कान खाजवत बसला.

मग डिस्क लावली. बापूजी इरेला पेटले. फवारा उडताना ओढला, कॉम्प्युटर धड उठायच्या आतच ओढला, लागोपाठ तीनदा ओढला. एकोणीस वेळा मेन खाली आला, आणि एकोणीस वेळा वर केल्यावर फवारा उडाला. शेवटी त्यांचा सदरा भिजला तेव्हा ते बाजेवर टेकले.

दुपारी जेवायला उठले तेव्हा हात सवयीने मेनपर्यंत गेला आणि थांबला. आयुष्यात कधी कोणाला न विचारणारा माणूस सुनेकडे वळला.

"ओढू का वो?"

"ओढा ना बिनधास्त," मीनल ट्रे लावता लावता म्हणाली. "तुमी तुमची सवय सोडू नका, मामाजी. मी माही शेड सोडत नाई."