नावेत बसून गेलेली बाई

रविवारी दुपारी ऊर्जानगरच्या क्लबात व्हिडिओवर तोच सिनेमा दाखवणार आहेत, हे कळल्यापासून सत्यशीलाचं कशात लक्ष लागेना. सात वर्षांची असताना मार्कंड्याच्या जत्रेत, तंबूतल्या टॉकीजमध्ये तिनं तो थोरल्या बहिणीसोबत पाहिला होता. छळणाऱ्या नवऱ्याचं घर सोडून नायिका शेवटी एकटीच नावेत बसून जाते, हे ती कधी विसरली नव्हती. सोळाव्या वर्षी बापानं लग्न ठरवलं, तेव्हा त्या नावेच्याच जोरावर ती अडून बसली आणि शिकून नर्स झाली.

आठ दिवसांपूर्वी तीच थोरली बहीण, मनकर्णा, कोरपन्याहून एका पिशवीनिशी तिच्या क्वार्टरवर आली होती. तिच्या पाठीवरचे वळ सत्यशीलाला दिसले. आज रविवार, आणि संध्याकाळच्या बसनं तिचा नवरा हरिदास तिला न्यायला येणार होता. सत्यशीला दोनदा तिचे कपडे भरायला गेली, दोनदा तशीच परत फिरली. शेवटी म्हणाली, "बाई, चाल, सिनेमा पाहून येऊ."

क्लबात सतरंजीवर दोघी बसल्या. नाव आली तशी सत्यशीला पुढे सरकली. नायिका नावेत बसली, नाव जरा आत गेली आणि परत फिरली. नायिकेनं नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"हा शेवट नाई," सत्यशीला म्हणाली. "कापला असन कोनी."

"कापला नाई. हाच होता." मनकर्णा टीव्हीकडेच बघत होती. "नावेत बसली तवा तू झोपली होती. सकाळी मागंच लागली, मंग का झालं, मंग का झालं. मले खरं सांगवलं नाई. गेली, म्हनलं."

"मंग तू काऊन नाई गेली, बाई?"

"मी जागी होती ना."

परत आल्या तर हरिदास पायरीवर बसलेला. "भरली का पिशवी?"

सत्यशीला पुढे झाली. "भाऊजी, बाई येत नाई."

तो हसला. "हे तिले सांगू दे."

 मनकर्णा त्याच्या बाजूनं पायऱ्या चढून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "नाई येत."

तो ओरडला, शेजारी बाहेर आले. पुढच्या रविवारी चार माणसं घेऊन येतो, असं बजावून तो गेला.

सत्यशीलानं कडी लावली. लगेच काढून रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा लावली.

"बस आता," मनकर्णा तांदूळ निवडत म्हणाली.

पण सत्यशीलाला बसवेना.