कटकट्या तपासनीस

मित्रांनो, मी एक जुना तपासनीस आहे आणि माझे कोणाशीच पटत नाही. मला हात नाहीत, पाय नाहीत. मी एका कंपनीच्या संगणकातला प्रोग्राम आहे. प्रोग्रामर मंडळी आपल्या कोडवर छोट्या चिठ्ठ्या लावतात: ‘ही जागा कधीच रिकामी नसते’, ‘हे आता वापरू नका’. चिठ्ठी खरे बोलते की थापा मारते, एवढेच मी पाहतो. थाप सापडली की लाल ओळ छापतो.

ज्या बाईंनी मला लिहिले, त्या माझ्या प्रत्येक लाल ओळीला “शाबास” म्हणायच्या. त्या निवृत्त झाल्या आणि माझे वाईट दिवस सुरू झाले. त्यांच्या खुर्चीत जो बसला, त्याला सगळे उस्ताद म्हणत. पहिल्या दिवसापासून तो माझ्या डोळ्यांत सलत होता आणि मी त्याच्या.

तेव्हा एका रुग्णालयासाठी औषधाची मात्रा काढून देणारा प्रोग्राम बनत होता. त्यात रुग्णाच्या वजनावर उस्तादने चिठ्ठी लावली: ‘कधीच रिकामे नसते’. साफ खोटे! वजन न भरताही फॉर्म पुढे सरकत होता. मी लाल ओळ छापली. त्याने न वाचताच बंद केली. असे सात वेळा झाले.

“डोकं उठवलंय या कार्ट्याने!” तो म्हणाला.

चाचणी करणाऱ्या ताई शेजारीच बसत. त्या म्हणाल्या, “अहो, बरोबर सांगतोय तो. एकदा बघा तरी.”

“नर्स वजन भरतातच हो. उगाच फाटे फोडू नका.”

मग त्याने खास माझ्यासाठी चिठ्ठी लावली: ‘इथे गप्प बस’. अशा चिठ्ठीखाली कारण लिहावे लागते. त्याने लिहिले, ‘कटकट’. ती दिसली की मला तोंड उघडता येत नाही. माझा नुसता जळफळाट झाला.

महिन्याभराने प्रोग्राम रुग्णालयात सुरू झाला आणि तिथे एका नर्सकडून घाईत एका मुलीचे वजन भरायचे राहिले. चिठ्ठीवर विसंबून प्रोग्रामने आधीच्या रुग्णाचेच वजन धरले. तो धिप्पाड गडी होता आणि ही दीड वर्षाची मुलगी. औषध भरताना एवढी मोठी मात्रा त्या नर्सला खटकली, म्हणून मुलगी वाचली.

दुसऱ्या दिवशी उस्ताद सगळ्यांसमोर ताईंवर ओरडला, “चाचणी कसली करता तुम्ही? आणि तो तपासनीस काय झोपला होता?”

ताईंनी पडद्यावर ‘इथे गप्प बस’ ही चिठ्ठी उघडली. लावणाऱ्याचे नाव शेजारीच होते. उस्तादचे कान लाल झाले. त्याने चिठ्ठी काढली, पण ताईंची माफी मागितली नाही. माझी तर नाहीच.

मित्रांनो, अजून एक्केचाळीस ठिकाणी माझे तोंड बांधलेले आहे. मला खुशाल शिव्या द्या, पण गप्प करण्याआधी मी काय म्हणतो ते एकदा वाचा. त्या मुलीचे वजन नऊ किलो होते. वजन रिकामे राहू शकते, असे मी सात वेळा सांगितले होते.