प्लग काढल्यावरही चालूच

उस्तादाने घरचा फ्रिज तिसऱ्यांदा भिंतीपासून ओढला, तेव्हा बायकोने दुधाचं पातेलं उचललं आणि ती बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. उस्तादाने प्लग काढला. प्लग त्याच्या हातात आणि आवाज चालूच. सूं... सूं... सूं... कोणी दम लागल्यासारखं कानाशी श्वास घेत होतं.

"ऐकलंस?" त्याने ओरडून विचारलं.

"काय ऐकू? बंद फ्रिज?"

फ्रिज दुरुस्त करण्यात या माणसाची हयात गेली होती. दारातून नुसता कान दिला तरी कॉम्प्रेसर बिघडलाय की पंखा घासतोय हे तो सांगायचा. म्हणून तर गिऱ्हाइकं त्याला उस्ताद म्हणत. आता त्याच कानांनी त्याचा घात चालवला होता. एका गिऱ्हाइकाचा धडधाकट कॉम्प्रेसर त्याने उपटून काढला आणि नवा बसवला. आवाज गेला नाही, तेव्हा नवाही खराब निघाला म्हणून पार्टवाल्याच्या दुकानात जाऊन त्याने तमाशा केला. पार्टवाल्याने कॉम्प्रेसर चालवून दाखवला. चार लोक जमले होते, आणि एकालाही काही ऐकू येईना.

त्याच सुमारास त्याचा उजवा डोळा लाल झाला. घरात लगेच निकाल लागला, डोळे आले. बायकोने टॉवेल वेगळा केला, उशी वेगळी केली आणि माणूसही वेगळा केला, बाहेरच्या खोलीत. औषधाच्या दुकानातले थेंब झाले, मग गल्लीतल्या डॉक्टरचे झाले. लाली हटेना. उलट डोळा सुजून पुढे आला. एका स्क्रूचे दोन दिसू लागले आणि स्क्रूड्रायव्हर नेमका खोट्या स्क्रूवर जाऊ लागला. आता तर त्या डोळ्याला सगळंच धुरकट दिसत होतं. डोळा गेला तर धंदा गेला, हे नवराबायको दोघांनाही कळत होतं.

पण उस्तादाला डोळ्याहून जास्त धास्ती त्या आवाजाची होती. उशीवर डोकं टेकलं की तो वाढायचा. त्याच्या काकाला म्हातारपणी भिंतीतून माणसं बोलताना ऐकू यायची, आणि पुढे काकाचं काय झालं ते घरात कोणी काढत नसे.

मोठ्या दवाखान्यात जाताना बायकोने रिक्षातच बजावलं, "डोळ्याच्या डॉक्टरांपुढे डोळ्याचंच बोलायचं. आवाजाचं काढलंत तर भलत्याच वॉर्डात टाकतील."

"बरं," उस्ताद म्हणाला. त्यालाही तेच हवं होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी यंत्रातून डोळ्यातल्या वेड्यावाकड्या फुगलेल्या शिरा बघितल्या, डोळ्याचं प्रेशर मोजलं, आणि सहज विचारावं तसं विचारलं, "डोक्यात कसला आवाज येतो का? नाडीबरोबर, सूं सूं असा?"

उस्ताद दचकला. त्याने बायकोकडे बघितलं, बायकोने छताकडे.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"तुमच्या डोळ्याने." त्यांनी स्टेथोस्कोप कानाला लावला, त्याच्या मिटलेल्या पापणीवर हलकेच टेकवला, थोडा वेळ ऐकलं आणि मान डोलावली. "डोळ्यामागे, कवटीच्या तळाशी, धमनी आणि शीर भलत्याच ठिकाणी एकमेकींना जोडल्या गेल्या असणार. धमनीतलं जोराचं रक्त शिरेत घुसून डोळ्याकडे उलटं येतंय. त्याचाच हा आवाज. आजच भरती व्हा, तपासण्या करू. मांडीतून बारीक नळी नेऊन ती वाट बंद करता येते. उशीर केला तर नजर जाईल."

"म्हणजे मला वेड लागलेलं नाही?"

"अजिबात नाही."

उस्ताद हसत सुटला. डोळा जायची वेळ आलेली आणि हा हसतोय, हे बघून डॉक्टरीणबाईच गोंधळल्या.

"मला ऐकू द्याल?" बायकोने विचारलं.

त्यांनी स्टेथोस्कोप तिच्या कानाला लावून दिला. ती नवऱ्यावर वाकली. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"येतोय ना?" उस्तादाने अधीर होऊन विचारलं. "येतोय ना गं?"

तिने होकारार्थी मान डोलावली. डॉक्टरीणबाईंनी भरतीचा कागद लिहून संपवला आणि हात पुढे केला. "बाई, द्या आता तो. घाई आहे."

"थांबा जरा," ती म्हणाली. "महिनाभर यांनी एकट्याने ऐकलंय हे."