डावा कान

"एकाच थोबाडाची एका दिवसात दोनदा दाढी! या मैत्रीपायी एक दिवस कातडं सोलून निघेल," शिंपी पुटपुटला.

खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून तो हे सलूनवाल्याच्या डाव्या कानाशी बोलला होता. तो कान म्हणजे वर्षभर साऱ्या गल्लीची मन मोकळं करायची जागा. तिथं काहीही बोला, आत पोचायचं नाही.

आज पोचलं.

डॉक्टरांनी सलूनवाल्याला समजावलं होतं. कानात अगदी आत नाजूक नळ्या असतात, त्यांत पाणी असतं. ते सारखं तयार होतं आणि एक चिमुकली पिशवी ते शोषून घेते. तिचं काम अडलं की पाणी साचतं, दाब वाढतो. मग कानाला दडा बसतो, आत गुंई सुरू होते आणि पायाखालची फरशी गरगर फिरते. दाब उतरला की कान पुन्हा उघडतोही. म्हणून मीठ कमी, गोळ्या वेळेवर. बायकोनं मिठाची बरणी अशी लपवली, की तिची तिलाही सापडेना. "अहो, अळणी खाऊन कुणी मेलं नाही," ती म्हणायची. "जगण्यात राम राहत नाही, एवढंच."

त्या अळणी जेवणाला आज गुण आला होता.

त्यानं फेसाखालून शिंप्याच्या गालावर बोट फिरवलं. गुळगुळीत. सकाळीच घरी दाढी करून आला होता पठ्ठ्या. मग त्यानं वस्तऱ्याची खाच बघितली. पातं नव्हतं.

वस्तरा रोज बायको तयार करून ठेवायची. बाकीच्या दाढ्या ती गोड बोलून धाकट्या दिराच्या खुर्चीकडे वळवायची. फरशी फिरली होती त्या दिवशी वस्तरा याच शिंप्याच्या गळ्यावर होता. टाके पडले. "मीच मान हलवली," शिंप्यानं गल्लीभर सांगितलं, आणि जखम भरल्यावर पुन्हा याच खुर्चीत येऊन बसला.

पण खरी लाज पुढेच होती. उभा जन्म वस्तरा धरलेल्या हाताला पातं आहे की नाही कळत नव्हतं थोडंच? हाताला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सलूनवाल्यानंच त्याला गप्प बसवलं होतं. वर "हल्ली पाती काय मऊ येतात!" असं मोठ्यानं म्हणालाही होता, आणि तिघांनी माना डोलावल्या होत्या.

"अहो, फेस वाळतोय," बायको म्हणाली. नजर घडी घालायच्या टॉवेलांवर.

त्यानं वस्तरा एकदा गालावरून ओढला. शिंप्यानं समजुतीनं हनुवटी वर केली. गळ्यावरचा पांढरा वण ताणला गेला.

"वहिनी, हात बघा, लोणी नुसतं!" शिंपी ओरडला, उजव्या कानाला ऐकू जावं म्हणून.

सलूनवाल्याचे दोन्ही कान तापले. त्यानं वस्तरा मिटून आरशापुढे ठेवला.

"हळू बोल रे, ऐकू येतंय मला. मघाचंही आलं."

धाकट्याची कात्री थांबली. टॉवेलाची घडी अर्धीच राहिली.

"यात पातं नाही," तो म्हणाला, "आणि नाही तेच बरं. माझ्याच्यानं आता कुणाची दाढी व्हायची नाही."